खजिनदाराची भिन्नमतपत्रिका

बी.कॉम. झालेल्या माणसाच्या पत्रिकेत दोन योग अटळ असतात : बँकेतली नोकरी आणि कुठल्या तरी मंडळाचं खजिनदारपद. पहिल्याचा निदान पगार मिळतो. दुसऱ्यात रिक्षाभाडं आपलं, चहा आपला आणि हिशेब जुळला नाही तर भरही आपल्याच पदराची. असा मी प्राधिकरणातल्या एका साहित्य मंडळाचा गेली नऊ वर्षं खजिनदार आहे. कविता मला बेताचीच कळते. पण परवा आमच्या दिवाळी अंकाच्या प्रकाशन समारंभाची व्हाउचरं लावायला बसलो आणि माझ्या ध्यानात आलं की, कवितेचं काय चाललंय हे कवीच्या आधी खजिनदाराला कळतं.

वाचकहो, तुम्हीच पाहा. गायिका व वाद्यवृंद, रुपये १८,०००. सभागृहाचं भाडं, ७,०००. ध्वनिव्यवस्था, ६,५००. अल्पोपाहार, ५,३००. शाली, श्रीफळं, पुष्पगुच्छ, ४,२००. एकूण ४१,०००. लेखक-कवी मानधन : निरंक.

अंकात बत्तीस जणांनी लिहिलंय. छापखान्याला पैसे मिळाले, बाइंडरला मिळाले, मुखपृष्ठवाल्या चित्रकाराला मिळाले (त्यानं आधीच अ‍ॅडव्हान्स घेतला होता, शहाणा माणूस), नारळवाल्याला मिळाले. तबलजीला मिळाले याचं मला मुळीच दुःख नाही, त्यानं वाजवलं. पण बत्तीस जणांनी लिहिलं त्याचं काय? तर एक मानाचा अंक, तोही 'कार्यक्रमानंतर काउंटरवर भेटा' या बोलीवर. काउंटरवर कोण? मीच. बँकेत काउंटर, बाहेर काउंटर. आमची ही म्हणते, तुम्हाला देव्हाऱ्यासमोर बसवलं तरी तुम्ही देवाला टोकन द्याल.

समारंभ साडेपाचला, म्हणजे रिवाजाप्रमाणे साडेसहाला सुरू झाला. दीपप्रज्वलनात पंखा बंद करायचा की ज्योत हातानं झाकायची यावर दहा मिनिटं गेली. मग पाहुण्यांनी रिबीन सोडली, आठ मान्यवरांनी आठ अंक छातीशी धरले, फोटो निघाला आणि अंक पुन्हा गठ्ठ्यात गेले. उघडला कुणीच नाही. तरी पाहुण्यांनी भाषणात अंकाला 'दर्जेदार' म्हटलं. लग्नातल्या बंद पाकिटाबद्दलसुद्धा लोक इतक्या खात्रीनं बोलत नाहीत.

पत्रिकेवर 'निवडक सहा जणांचं अभिवाचन, सोबत हलकं संगीत' असं छापलं होतं. पहिला कवी वाचायला उभा राहिला तोच की-बोर्डवाल्यानं खाली एक करुण धून सोडली. ती कुठल्या तरी सिनेमातली होती. माझ्या शेजारचे गृहस्थ अख्खी कविताभर ते गाणं आठवत होते. कविता संपताना त्यांना ते आठवलं आणि त्यांनी मनापासून टाळी दिली. कवीला वाटलं, दाद मिळाली. दुसरा वाचून झाला, मग गाणी. मग भाषणं, मग पुन्हा गाणी, मग जाहिरातदारांचे सत्कार. सव्वानऊला निवेदिकाबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "वेळेअभावी उरलेल्या चार कवींची आम्ही क्षमा मागतो." आणि लगेच भैरवी झाली. भैरवीला वेळ असतो.

त्या उरलेल्या चारांत एक चाकणचा होता. मूळचा परभणीकडचा, तिथल्या एका कारखान्यात मशीनवर. सेकंड शिफ्ट बदलून घेऊन, बदल्यात एका सहकाऱ्याला आपला रविवार देऊन आला होता. गणवेश पिशवीत होता, अंगात इस्त्रीचा शर्ट. त्याची कविता मी प्रुफं तपासताना वाचली होती. एका खोलीत एक गादी, तिच्यावर पाळीपाळीनं झोपणारे दोघे. एक कामावरून येतो तेव्हा दुसरा गेलेला असतो. जागेपणी त्यांची गाठच पडत नाही. गादीची ऊब तेवढी कळते. मला कविता बेताची कळते असं वर म्हटलंय. पण ही वाचून मी चष्मा पुसला होता.

तो काउंटरवर आला, मानाचा अंक घेतला आणि आणखी दोन विकत मागितले. तीनशे गुणिले दोन, सहाशे. पावती फाडता फाडता मी विचारलं, "दोन कशाला?"

"एक गावाकडं आईला. आणि एक त्याला."

"म्हणजे कवितेतल्या?"

"हो साहेब. गादीवर ठेवतो. सकाळी आला की सापडंल त्याला."

ही घटना मी कार्यकारिणीच्या बैठकीत सांगितली. सगळ्यांना वाईट वाटलं. आमच्या संपादक सरांना तर फार वाटलं. माणूस भला आहे. पण म्हणाले, "अहो, लोक गाण्याला येतात. नुसत्या कवितेला कोण येणार?"

कोण येणार? विंदा करंदीकर, वसंत बापट, मंगेश पाडगावकर हे तिघे गावोगाव काव्यवाचनं करत हिंडले. पेटी नाही, तबला नाही. तीन माणसं आणि त्यांच्या कविता. तरी लोक येत होते. यावर सर म्हणाले, "ते विंदा होते." कबूल. पण पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा विंदासुद्धा 'विंदा' नसणारच! त्यांनाही कुणी वेळेअभावी क्षमा मागून बसवलं असतं, म्हणजे?

आणि गाण्याशी माझं वैर नाही. आपल्या पट्ट्याला गाणं कुणी शिकवावं? इकडे देहू, तिकडे आळंदी. कीर्तनात टाळ असतात, पखवाज असतो, मागं टाळकऱ्यांची रांग उभी असते. पण हा सगळा सरंजाम बुवांनी निरूपणाला घेतलेल्या एका अभंगासाठी. बुवा बोलू लागले की पखवाज्याचे हात मांडीवर. 'वेळेअभावी तुकोबांची क्षमा मागतो' असं मी अजून देहूत ऐकलेलं नाही.

समारंभाशिवाय अंक निघत नाही, हीही एक समजूत आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली; फराळासोबत वाचन अशी ती सोय. हल्ली फराळ उरकतो, वाचन राहतं. पुढं १९५० च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या मंडळींनी 'शब्द' तर चक्क सायक्लोस्टाइल करून काढला. हाती एकेचाळीस हजार असते तर त्यांनी आणखी कागद आणला असता, असा माझा आपला कॉमर्सवाल्याचा अंदाज.

अध्यक्ष भाऊंचा मुद्दा मात्र वजनदार आहे. पतसंस्था आणि भोसरीतले छोटे कारखानदार जाहिराती देतात, ते व्यासपीठावर नाव पुकारलं जावं म्हणून. ते बंद केलं तर अंकच बंद. हे खरं आहे आणि याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. पण नाव पुकारायला वाद्यवृंद लागत नाही! बत्तीस जणांना पाचशेप्रमाणे मानधन दिलं तर सोळा हजार होतात; गाण्याच्या बिलापेक्षा दोन हजारांनी कमीच. आणि क्रम उलटा लावा : आधी सहाही जण वाचतील, मग पाहुणे, मग सत्कार, आणि वेळ उरला तर भैरवी. वेळेअभावी काही गळायचंच असेल तर एकदा आम्हा पदाधिकाऱ्यांची मनोगतं गळू द्या. क्षमासुद्धा मागू नका.

बैठकीत या सूचनेचं स्वागत झालं आणि ती 'पुढील वर्षी विचारार्थ' ठेवण्यात आली. बँकेत पंचवीस वर्षं काढल्यामुळे या शब्दांचा अर्थ मला पाठ आहे.

म्हणून मी एक काम परस्पर केलं. गेल्या शनिवारी चाकणच्या कवीला बोलावून घेतलं आणि मंडळाच्या शिल्लक रोकडीतून पाचशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. व्हाउचर पुढं केलं. 'तपशील' या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'कविता, नग १' असं लिहिलं. त्यानं सही करायला पेन घेतलं आणि थांबला.

"साहेब, ती वाचली कुठं मी त्या दिवशी? तरी चालंल का?"

म्हटलं, "तू कर सही."

कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे. व्हाउचर मी फाइलला लावलंय.