पुन्हा तोच प्रश्न

“ताई, ओआरएसचे हे पाकीट किती पाण्यात मिसळायचे?” नवी आशा कार्यकर्ती हा प्रश्न अनुभवी सहकारिणीला विचारते, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारते, आणि तिसऱ्या खेपेस ऐकणारीच्या कपाळावर आठी उमटते. “परवाच तर सांगितले होते!” एवढ्या एका वाक्याने पुढचा प्रश्न कायमचा मिटू शकतो. अज्ञान मात्र तसेच राहते.

वाचकहो, त्याची किंमत कोण मोजतो हे पाहावे. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचा परिसर १९९२-९३ मध्ये कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्याला ठाऊक झाला. अशा विखुरलेल्या पाड्यांवर जुलाबाने मलूल झालेल्या बाळापर्यंत डॉक्टरांच्या आधी पोहोचते ती आशा किंवा अंगणवाडी सेविका. तिने संकोचाने न विचारता अंदाजाने पाणी घेतले, तर? पाणी कमी पडल्यास द्रावणातील क्षार वाढून बाळाला अपाय होतो. अधिक झाल्यास उपयोग उणावतो. शिवाय हा प्रश्न वाटतो तितका भाबडाही नाही. एक लिटर पाण्यासाठीची पाकिटे असतात, तशी २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात; आणि घरोघरी लिटरचे माप असतेच असे नाही.

म्हणून तोच प्रश्न पुन्हा आला, की तो का आला हे आधी शोधावे. ऐकू आले नव्हते, उमगले नव्हते, की उमगूनही खात्री वाटत नाही? दुसऱ्या वेळी केवळ उत्तर देऊ नये. पाकिटावरील सूचना दाखवावी, समोर द्रावण करावयास सांगावे आणि “आता तुम्ही मला समजावून सांगा,” असे म्हणावे. तिसऱ्या वेळी ते उत्तर ठळक अक्षरांत भिंतीवर लावावे.

रुग्णाची शुश्रूषा चालते ते घरही कामाचेच ठिकाण असते. “आजोबांची रक्तदाबाची गोळी दिली का?” हे मुलगा, सून आणि मदतीला येणाऱ्या मावशी एकमेकांना रोज विचारतात. त्रागा न करता औषधांच्या डब्यापाशी एक वही ठेवावी व गोळी देताच वेळ लिहून खूण करावी. नोंद नसेल, तर अंदाजाने दुसरी गोळी देऊ नये, विचारावे.

घरातील वडीलधारी व्यक्तीच तोच तो प्रश्न विचारू लागली, तर उत्तर थोडक्यात, शांतपणे, त्याच शब्दांत द्यावे. स्मृती क्षीण झाली, तरी रागावलेला स्वर मनाला लागतोच. श्रवण, थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्व, नैराश्य व स्मरणशक्ती यांची तपासणी करून घ्यावी. मात्र हा बदल एक-दोन दिवसांतच झाला असेल आणि सोबत गोंधळलेपण वा गुंगी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यामागे जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियमची किंवा साखरेची कमतरता असू शकते.

विचारणाऱ्याला उत्तर मिळावे, आणि पुन्हा विचारण्याचे धैर्यही.