पाल्यालाही कायद्यात जागा हवी

दर जानेवारीत आम्हा शिक्षकांना आयकराचे कागद कार्यालयात जमा करावे लागतात. गृहकर्ज असल्याने मी जुनीच करप्रणाली ठेवली आहे. यंदा भाचीचे दोन कागद दिले: सुकन्या समृद्धीचे पासबुक आणि शाळेच्या शिक्षण शुल्काची २८ हजारांची पावती. पासबुक चालले, पावती परत आली. ‘‘सर, पोरगी तुमची नाही न, मंग हे पावती चालत नाही,’’ बाबू म्हणाले. चूक त्यांची नाही, कायदाच तसा आहे.

२०२१ च्या उन्हाळ्यात माझी बहीण आणि भाटवे दोघेही करोनाने गेले. सात वर्षांची भाची शेंदूरजनाघाटला आमच्या घरी आली. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाने मला तिचा पालक नेमले. तिच्या प्रगतिपत्रकावर सही माझी असते, तापात उशाशी तिची मामी बसते.

१९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०सी कलमात शिक्षण शुल्काची वजावट फक्त स्वतःच्या, तीही दोनच अपत्यांसाठी मिळते. आजोबा, मामा, आत्या, मोठा भाऊ, कोणीही फी भरली तरी ती मिळत नाही. पण त्याच कलमात सुकन्या खात्यासाठी कायदेशीर पालकाला वजावट आहे. ८०ई कलमात शैक्षणिक कर्जाच्या व्याजासाठीही पालक चालतो. म्हणजे मुलीसाठी पैसे साठवले तर मी तिचा पालक, कर्ज काढून शिकवले तरी पालक. खिशातून फी भरली की परका.

‘दत्तक घ्या’ असे काही जण सुचवतात. मला स्वतःची मुलगी आहे; १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे मला दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही. बाल न्याय कायद्याची वाट आहे; पण तिच्या नावापुढचे बापाचे नाव पुसून मला कर वाचवायचा नाही.

आमच्या गावातल्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. झाड संत्र्याचेच राहते, पाणी मात्र जंबेरीची मुळे ओढतात. नातेवाइकाच्या घरी वाढणारे मूल असेच असते. ते आपल्या आईबापाचेच राहते, आणि त्याला पोसणारे मूळही खरेच असते.

गैरफायद्याची भीती मला समजते. उद्या जो तो भाच्या-पुतण्यांच्या पावत्या जोडेल. म्हणून न्यायालयाचा आदेश मागा, एका मुलासाठी एकाच पालकाला वजावट द्या, दोन मुलांची मर्यादाही ठेवा. २० टक्क्यांच्या टप्प्यात २८ हजारांवर उपकरासह ५,८२४ रुपये वाचले असते. तेवढ्यात तिची वर्षभराची वह्या-पुस्तके येतात. त्याहून मोठी गोष्ट ही, की घरात मूल सांभाळणाऱ्याची नोंद सरकारदरबारी होईल.

१९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा आला, कलमांचे आकडे बदलले; पण हा भेद तसाच राहिला. शाळेच्या अर्जावर ‘पालक’ आणि ‘पाल्य’ हे दोन शब्द आम्ही रोज लिहितो. खासदारांना माझी विनंती आहे: शिक्षण शुल्काच्या तरतुदीत ‘अपत्य’ या शब्दाशेजारी ‘पाल्य’ हा शब्द घाला.