नव्या नावाची जुनी जहाजे

वर्धा आणि वैनगंगा या आमच्याकडील दोन नद्या चपराळ्याजवळ एकत्र होऊन प्राणहिता होतात, प्राणहिता सिरोंच्यापाशी गोदावरीस मिळते, आणि मग ते पाणी पूर्वसमुद्रास जाऊन पोहोचते. चंद्रपूर व गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांचा समुद्राशी संबंध तो काय एवढाच. अशा ठिकाणी बसून जहाजांविषयी लिहिणे हा कोणास अव्यापारेषु व्यापार वाटेल. परंतु हल्ली समुद्रच जाहिरातींच्या रूपाने आमच्या दारी येऊ लागला आहे. वीजकेंद्रातील अभियंते, कोळसाखाणींतील अधिकारी, शिक्षक, बँकांतील मंडळी यांनी निवृत्तीच्या किंवा विवाहाच्या पंचविसाव्या वर्षाच्या निमित्ताने मुंबईस जावे, तेथून तीन-चार रात्रींची सागरी सफर करावी, ही चाल आता आमच्या मध्यमवर्गीय घरांतही रुळली आहे. या चालीस आमचा मुळीच विरोध नाही. ज्याने आयुष्यभर डोंग्यापलीकडे जलवाहन पाहिले नाही, त्याने एकदा क्षितिजापर्यंत पाणीच पाणी पाहावे, हे उत्तमच. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्या जहाजावर हे कुटुंब चढते, त्याचे वय किती आणि त्याचे पूर्वीचे नाव काय, हे त्यास कोणी आपण होऊन सांगत नाही. आणि न सांगणे हीच या धंद्याची रीत होऊन बसली आहे.

'कर्णिका'चे उदाहरण घेऊ. 2019 च्या एप्रिलात मुंबई बंदरात मोठ्या थाटाने या जहाजाचे स्वागत झाले. नाव संस्कृत, मालकी भारतीय, खानपान आपल्या रुचीचे. भारतीय जलपर्यटनाचे नवे युग उगवले असे लिहिण्यास वृत्तपत्रांनी कमी केले नाही. हे जहाज वास्तविक इटलीत मोनफाल्कोनेच्या गोदीत बांधलेले, 1990 साली 'क्राउन प्रिन्सेस' या नावाने समुद्रात उतरलेले. त्याच्या वरच्या भागास डॉल्फिनच्या मस्तकाची डौलदार वळणे देणारा शिल्पज्ञ रेन्झो पियानो हा होता, म्हणजे कुल तर मोठेच. पुढे 2002 मध्ये ते 'ए-रोझा ब्लू' झाले, 2004 मध्ये 'आयडाब्लू', 2007 मध्ये 'ओशन व्हिलेज टू', 2009 मध्ये ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्वेल', आणि सहाव्या नामकरणात 'कर्णिका'. जर्मनांस ते जर्मन म्हणून दाखविले, ऑस्ट्रेलियनांस ऑस्ट्रेलियन म्हणून, आणि आम्हांस अस्सल स्वदेशी म्हणून. नव्या युगाचे हे जहाज त्या वेळी एकोणतीस वर्षांचे होते. दीड वर्षही पुरते झाले नाही तोच रोगाची साथ आली, सफरी बंद पडल्या, देणी थकली, जहाज अडकले, आणि 2020 च्या अखेरीस ते गुजरातेतील अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात निघाले.

त्यानंतर 2021 च्या सप्टेंबरात मुंबईहून 'कॉर्डेलिया' या नाममुद्रेखाली सफरी सुरू झाल्या. जहाजाचे नाव 'एम्प्रेस'. हेही 1990 चेच. फ्रान्सात सेंट नाझेर येथे बांधलेले. आरंभी 'नॉर्डिक एम्प्रेस', 2004 पासून 'एम्प्रेस ऑफ द सीज', 2008 मध्ये स्पॅनिश कंपनीकडे गेल्यावर नुसते 'एम्प्रेस', 2016 मध्ये पुन्हा 'एम्प्रेस ऑफ द सीज', आणि मुंबईस आल्यावर परत 'एम्प्रेस'. या सम्राज्ञीने निदान आपले पद सोडले नाही, हे तिच्या बाजूने नमूद केले पाहिजे. (शेक्सपिअरच्या नाटकातील कॉर्डेलिया ही गोड बोलून बापाचे राज्य मिळविण्यास नकार देणारी, साधे सत्य सांगणारी मुलगी. जाहिराती लिहिणारांनी ते नाटक एकवार चाळावे अशी आमची नम्र सूचना आहे.) याच कंपनीने 'नॉर्वेजियन स्काय' व 'नॉर्वेजियन सन' ही दोन जहाजे दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने घेतल्याचे 2025 साली जाहीर झाले, पहिले 2026 मध्ये व दुसरे 2027 मध्ये यावयाचे आणि त्यांची नावे 'कॉर्डेलिया स्काय' व 'कॉर्डेलिया सन' अशी व्हावयाची, असा तो बेत. पैकी पहिले 1999 चे व दुसरे 2001 चे. पहिल्याचा सांगाडा तर दुसऱ्याच एका कंपनीसाठी 'कोस्टा ऑलिम्पिया' म्हणून उभा राहिला होता. ती जर्मन गोदी बुडाल्यामुळे तो अर्धवट स्थितीत विकला गेला. मध्यंतरी चार वर्षे ते हवाई बेटांत 'प्राइड ऑफ अलोहा' म्हणूनही नांदले आहे.

नाव बदलणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. ते म्हणण्याचा अधिकार आम्हांस तर मुळीच नाही, कारण आमच्या गावाचेच नाव 1964 च्या सुमारास चांद्याचे चंद्रपूर झाले. परंतु त्यात लपवाछपवी काय झाली? 'चांदा फोर्ट' हे स्टेशन आजही आपल्या जुन्या नावाची पाटी मिरवीत उभे आहे, आणि गोंड राजांचा परकोट पाहून हे गाव काल वसले असा भ्रम कोणास होण्याची धास्ती नाही. आमच्या घरांत नववधूचे नवे नाव ताटातील तांदळांत लिहिण्याची चाल होती, काही घरांत अजून आहे. ती चाल चांगली की वाईट हा वाद वेगळा. पण नाव बदलले म्हणून मुलीचे माहेर कोणते, हे सासरच्यांपासून कोणी लपविल्याचे ऐकिवात नाही. जहाजांच्या सोयरिकीत मात्र माहेर विचारणे हाच अशिष्टपणा ठरतो.

जुने जहाज घेणे हेही लाजिरवाणे नाही. भारतीय नौवहनाचा पाया ज्या जहाजाने घातला असे आपण मानतो आणि ज्याच्या प्रस्थानाच्या स्मरणार्थ दरवर्षी 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतो, ते 1919 चे 'लॉयल्टी' हे जहाज जुनेच होते. 1891 साली इंग्लंडात बांधलेली ती 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली, जखमी सैनिकांसाठी तिचे रुग्णालय केले व तिला 'लॉयल्टी' हे नाव दिले. त्यांच्याकडून ती सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या सिंदिया कंपनीकडे आली. मुंबईहून विलायतेस निघाली तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती, आणि 1923 मध्ये मुंबईतच मोडीत निघाली. हा सारा पूर्वेतिहास सांगितल्याने त्या धाडसाचे तेज यत्किंचितही कमी होत नाही. परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीपुढे एक थकलेली आगबोट घेऊन उभे राहणाऱ्या माणसांची छाती केवढी होती, हे उलट त्यामुळेच कळते.

मग कोणी म्हणेल, उतारूस जहाजाच्या वयाशी कर्तव्य काय? खोली स्वच्छ आहे, गालिचा नवा आहे, दरवर्षी तपासणी होऊन दाखला मिळतो. आणखी काय हवे? हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो, परंतु त्यात मुद्द्याची गोष्ट गाळलेली आहे. सागरी सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय नियम वेळोवेळी कडक होत गेले. त्यांपैकी काही सर्व जहाजांस लागू होतात. उदाहरणार्थ, उतारू जहाजाच्या बांधणीत ज्वलनशील साहित्य राहता कामा नये हा नियम 1 ऑक्टोबर 2010 पासून जुन्यांसही लागू झाला, आणि त्यापायी कित्येक म्हाताऱ्या बोटी भंगारात गेल्या. परंतु काही नियम जहाजाच्या जन्मवर्षावरच ठरतात. आग लागली किंवा एका कप्प्यात पाणी शिरले तरी जहाजाने स्वतःच्या बळावर बंदर गाठावे, तोपर्यंत उतारूंस आतच सुरक्षित जागा मिळावी, अशी रचना मोठ्या उतारू जहाजांस बंधनकारक झाली ती 1 जुलै 2010 नंतर ज्यांचा पाया घातला गेला त्यांनाच. 1990 च्या जहाजास ती अट नाही, 1999 च्यासही नाही. हे बेकायदा मुळीच नव्हे. परंतु रंग, गालिचे आणि नवे नाव यांनी हा फरक भरून निघत नाही, आणि तो जाणून घेण्याचा एकमेव मार्ग म्हणजे जहाजाचे बांधणीवर्ष माहीत असणे.

डागडुजी हा शब्दही मोठा फसवा आहे. 1994 साली बांधलेली 'नामिनोउए' ही जपानी बोट अठरा वर्षे वापरून 2012 मध्ये एका कोरियन कंपनीने घेतली. त्या देशाने अशा बोटींची वयोमर्यादा 2009 मध्येच तीस वर्षांपर्यंत वाढवून ठेवली होती. वरच्या मजल्यांवर जादा खोल्या चढविल्या, त्यामुळे बोट माथाजड झाली, आणि 'सेवोल' असे नवे नाव घेऊन ती धावू लागली. 16 एप्रिल 2014 रोजी मर्यादेहून कितीतरी अधिक माल लादलेली ती बोट एका वळणाशी कलंडली व 304 जीव गेले. त्यांत सुमारे अडीचशे शाळेच्या सहलीस निघालेली मुले होती. मुंबईची जहाजे तशी आहेत असे आम्ही सुचवीत नाही. तसे म्हणण्यास आमच्यापाशी काडीचाही आधार नाही. नवे जहाज बुडत नाही असेही नाही. 2006 चे 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' 2012 मध्ये खडकावर आदळून बत्तीस माणसे दगावली. परंतु त्या कोरियन मुलांच्या आईबापांपैकी किती जणांस आपली मुले कोणत्या बोटीवर चढत आहेत, तिचे मूळ रूप काय होते आणि तिच्यावर काय काय चढविले आहे, हे ठाऊक असेल?

वस्तूची ओळख जपणे अशक्य आहे, हे तर आम्हां जंगलातील माणसांस कोणी सांगूच नये. आलापल्लीच्या रानातला सागवानी लठ्ठा बल्लारशाच्या आगारात येतो तो अंगावर वनखात्याच्या हातोड्याचा छाप आणि क्रमांक घेऊन. सोबत परवाना असतो; लांबी-गोलाई लिहिलेली असते. छाप नसलेला लठ्ठा वाटेत अडविला जातो. लाकडाच्या ओंडक्यास जे साधते ते हजार-दोन हजार माणसे वाहणाऱ्या जहाजास साधू नये काय? आणि तो छाप जहाजावर आहेही. प्रत्येक उतारू जहाजास सात आकडी आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. मालक, ध्वज, नाव काहीही बदलो, तो क्रमांक आमरण तोच राहतो आणि सांगाड्यावर कायमचा उमटविलेला असतो. 'नॉर्डिक एम्प्रेस'चा 8716899 हाच पुढच्या सर्व 'एम्प्रेसां'चा. एवढा आकडा मिळाला की जहाजाची कुंडली घरबसल्या काढता येते. तो जाहिरातीत व तिकिटावर, बांधणीचे वर्ष, पूर्वीची नावे आणि ध्वज यांसह, वाचता येईल अशा अक्षरांत छापावा, एवढीच आमची मागणी आहे. यास फार तर दोन ओळींची जागा लागेल.

या सफरींची तिकिटे 2021 मध्ये रेल्वेच्या पर्यटन-महामंडळानेही विकावयास घेतली, ही गोष्ट आम्हांस विशेष खटकते. रेल्वेच्या डब्यावर जो क्रमांक रंगविलेला असतो त्याचे पहिले दोन आकडे डब्याचे बांधणीवर्ष दर्शवितात. बल्लारशाच्या फलाटावर उभा असलेला कोणताही मुलगा, एकदा युक्ती कळल्यावर, डब्याचे वय सांगू शकतो. एस.टी.च्या हिंगण्याच्या कारखान्यात जुन्या सांगाड्यावर नवी पेटी चढते, पण गाडीचा नोंदणी-क्रमांक बदलत नाही. मग त्याच सरकारी खिडकीवर विकल्या जाणाऱ्या जहाजालाच ही सूट कोणत्या न्यायाने?

असे छापल्यास गिऱ्हाईक बिचकेल आणि धंदा बसेल, ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. काही गिऱ्हाईक बिचकेल. काही दर कमी मागेल, आणि तसे मागण्याचा त्यास हक्क आहे. तीस वर्षांच्या जहाजाचे भाडे नव्याच्या दिमाखाने का द्यावे? पण पुष्कळ लोक सर्व वाचूनही जातील. किंबहुना बांधणीचे कौशल्य पाहावयाचे असेल तर त्या काळची जहाजे आजच्या बहुमजली तरंगत्या बाजारांपेक्षा अधिक देखणी होती, असे आमचे स्वतःचे मत आहे. पियानोच्या हातची ती वळणे अलंगच्या चिखलात गॅसच्या ज्योतीने कापली गेली, आणि तोपर्यंत आपण कोणत्या जहाजावर नाचलो हे मुंबईच्या बहुतेक उतारूंस कळलेही नव्हते.