उजेडाची वसुली

घरातील व दुकानातील दिव्यांचा बराच उजेड भिंतींवर पडून वाया जातो. तो सौर पॅनेलने टिपून त्याची पुन्हा वीज करता येईल काय, असा प्रश्न व्यापारी मनाला पडणे स्वाभाविक आहे. मात्र ही कल्पना जमाखर्चाच्या कसोटीवर टिकत नाही.

भर उन्हात एक चौरस मीटर पॅनेलवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते व तीतून २०० वॅटच्या आसपास वीज मिळते. कडक उन्हाचा प्रकाश १,००,००० लक्सपर्यंत जातो; उत्तम उजळलेल्या पेढीत तो जेमतेम ५०० लक्स असतो. तेथे तेच पॅनेल कसेबसे पाव वॅट वीज देईल. दिवे रोज दहा तास लावले, तरी एक युनिट जमण्यास वर्षाहून अधिक काळ लागेल. इतक्या विजेवर कॅल्क्युलेटर चालतो, पेढी नव्हे. उलट, पांढरा रंग दिलेली भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश खोलीतच परत करते. उजेडाची एवढी स्वस्त वसुली दुसरी नाही.

बुडीत रकमेच्या वसुलीपेक्षा रक्कम बुडूच न देणे केव्हाही श्रेयस्कर. जुनी ट्यूबलाइट चोकसह सुमारे ५० वॅट घेते. जवळपास तितकाच उपयोगी उजेड २० वॅटची एलईडी ट्यूब देते. दुकानातील अशा २० ट्यूब बदलल्यास दहा तासांत ६ युनिट, म्हणजे ३०० दिवसांत १८०० युनिट वाचतात. युनिटचा दर १० रुपये धरल्यास बचत १८,००० रुपये. वातानुकूलित दुकानात लाभ याहून अधिक; कारण दिव्याची ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते आणि ती बाहेर काढण्यासही वीज खर्च होते.

या हिशेबाला व्रताचीही बाजू आहे. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरमण सांगितले आहे. प्रयोजनावाचून घडणारी हिंसा टाळणे, हा त्याचा आशय. निष्कारण अग्नी पेटविणे व पाणी सांडणे यांची गणना प्रमादचर्येत होते. रिकाम्या खोलीत जळणारा दिवा याच सदरात मोडतो. पावसाळ्यात त्याच दिव्याभोवती असंख्य कीटक प्राण गमावतात.

चातुर्मासात अन्य नियमांबरोबर हाही एक नियम घरातील लहानथोरांनी घ्यावा : खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने दिवा व पंखा बंद करावा.