सही करण्याआधी लसीचं कार्ड शोधा

मुलाचा अग्निवीरचा अर्ज भरायला घेतलाय, मुलगी एनडीएच्या परीक्षेला बसतेय, अशी घरं कर्वेनगर, वारजे, शिवणे या पट्ट्यात आता कमी राहिलेली नाहीत. एनडीए रस्ता आपल्या उशाशी आहे. २०२५च्या मे महिन्यात एनडीएतून पहिल्या सतरा मुली कॅडेट म्हणून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, तेव्हापासून मुलींच्या आयाही चौकशा करू लागल्या आहेत. उंची किती लागते, चष्मा चालतो का, सोळाशे मीटर किती मिनिटांत धावायचे, सगळं विचारून होतं. लशींचं मात्र कुणी विचारत नाही. भरती झाल्यावर पोराला ज्या लशी टोचतील त्यातली एखादी नको असेल तर त्याला नाही म्हणता येईल का?

उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही म्हणता येतं, पण नोकरी पणाला लावून.

२०२१मध्ये जामनगरच्या हवाई दलाच्या तळावरच्या एका कॉर्पोरलने कोविडची लस घ्यायला नकार दिला. मी आयुर्वेदिक औषधं घेतोय, मनाविरुद्ध टोचून घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. दलाने त्याला कारणे दाखवा नोटीस दिली आणि तो गुजरात उच्च न्यायालयात गेला. तिथे केंद्र सरकारच्या वकिलांनी सांगितलं की हवाई दलात देशभरात नऊ जणांनी लस नाकारली. त्यातल्या एकाने नोटिशीला उत्तरच दिलं नाही, त्याला सेवेतून काढलं. सामान्य नागरिकाला लस ऐच्छिक असेल, हवाई दलात ती सेवेची अट आहे आणि भरती होताना घेतलेल्या शपथेला धरूनच आहे, ही दलाची बाजू. या कॉर्पोरलचं म्हणणं नव्याने ऐकून घ्या आणि मग ठरवा, असं सांगून न्यायालयाने ते प्रकरण निकाली काढलं.

पुढे २ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कुणालाही जबरदस्तीने लस देता येणार नाही, शरीरावरचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात येतो, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. हा निकाल अनेकांनी मोबाइलवरून फिरवला. फिरवताना तेहतिसावं कलम मात्र कुणी वाचलं नाही. सैन्यातल्या माणसांचे मूलभूत हक्क किती आणि कसे मर्यादित करायचे, हे ठरवायचा अधिकार ते कलम संसदेला देतं. १९५०च्या लष्कर कायद्यात वरिष्ठाचा आदेश न पाळणं हा गुन्हा आहे, तो याच पायावर. गणवेश चढवला की माणूस संघटना काढू शकत नाही, मनात येईल ते वर्तमानपत्राला सांगू शकत नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. लस त्याच यादीत येते, एवढंच आपल्या लक्षात आलेलं नसतं.

ही सक्ती मला योग्य वाटते. कारण बराकीत आहे. एका हॉलमध्ये ओळीने लावलेल्या खाटा, एकच मेस, पाण्याची एकच टाकी, देशाच्या चारी कोपऱ्यांतून आलेली अठरा-वीस वर्षांची पोरं, पहाटेपासून दमवणूक आणि अपुरी झोप. यातल्या एकाच्या कानाखाली गालगुंड सुजली की दोन-तीन आठवड्यांत पलीकडच्या खाटांवर सूज दिसते. कांजिण्यांचंही तसंच. प्रशिक्षण केंद्रांत या दोन्ही साथी येऊन गेल्याच्या नोंदी आपल्या लष्करी डॉक्टरांच्या नियतकालिकात सापडतात. आजारी पडलेल्याला वेगळं ठेवतात, त्याचं प्रशिक्षण बुडतं, आणि फार बुडलं की तो रेलिगेट होतो, म्हणजे त्याला मागच्या तुकडीत ढकलतात. घरी बसून लस नाकारणारा स्वतःपुरता धोका पत्करतो असं थोडंफार म्हणता येईल. बराकीत नाकारणारा शेजारच्या खाटेवरच्याला न विचारता त्याच्या वतीनेही धोका पत्करत असतो.

ऐच्छिक ठेवून काय होतं तेही जगाने पाहिलं आहे. बोअर युद्धात ब्रिटिश सैनिकांसाठी विषमज्वराची लस होती, पण ज्याला हवी त्याने घ्यावी असा मामला. घेतली फार थोड्यांनी. विषमज्वराने सुमारे आठ हजार सैनिक गेले. पहिल्या महायुद्धातही ब्रिटिशांनी कायद्याने सक्ती केली नाही. मात्र लस न घेणाऱ्याला परदेशी आघाडीवर न पाठवण्याचं धोरण ठेवलं आणि बहुतेक सगळ्यांनी हात पुढे केला.

पण सक्ती योग्य आहे म्हणून सक्ती करणारा नेहमीच बरोबर असतो असं नाही. अमेरिकेने १९९८पासून आपल्या सैनिकांना अँथ्रॅक्सची लस सक्तीने टोचायला घेतली. काहींनी नकार दिला, काहींना शिक्षा झाल्या. ऑक्टोबर २००४मध्ये तिथल्या न्यायालयाने ही सक्ती थांबवली. श्वासातून होणाऱ्या अँथ्रॅक्सवरचा परवाना रीतसर झालेला नाही, असं त्याचं कारण होतं. परवान्याची पूर्तता झाल्यावर ती लस काही तुकड्यांना पुन्हा सक्तीची झाली. कोविडच्या वेळी ऑगस्ट २०२१मध्ये सक्ती आली, आठ हजारांवर लोक सेवेबाहेर गेले, आणि जानेवारी २०२३मध्ये ती मागे घेतली गेली. तेव्हा वर्षानुवर्षं पारखलेली धनुर्वाताची किंवा विषमज्वराची लस आणि घाईत आलेली नवी लस, यांना एकाच मापाने मोजू नका. पहिलीबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. दुसरीबद्दल प्रश्न विचारणारा सैनिक बंडखोर ठरत नाही, फक्त तो प्रश्न त्याने वरच्या अधिकाऱ्याला आणि डॉक्टरला विचारावा, रांगेत उभं राहून सोबत्यांना नव्हे.

पुण्यात साथ आणि सैनिक हे दोन शब्द एकत्र आले की १८९७ आठवतं. रँडची प्लेग समिती, घराघरांत घुसलेले गोरे शिपाई, देवघरापर्यंत गेलेले बूट, आणि रँडवर हल्ला झाला ती २२ जूनची गणेशखिंडीतली रात्र. हल्ली तो राग लसीविरुद्ध होता असं कुणी कुणी बिनदिक्कत सांगतं. तसं नव्हतं. राग झडतीचा आणि बायाबापड्यांच्या विटंबनेचा होता. प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकीनने ती त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईत प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती. आणि १९०२मध्ये पंजाबात मुलकोवाल गावी हाफकीनच्याच लसीच्या एका दूषित बाटलीतून एकोणीस माणसं धनुर्वाताने दगावली. दोष त्या एका बाटलीत होता, पण हाफकीनला त्यातून सुटायला काही वर्षं लागली. बाटलीवरचा बॅच क्रमांक टिपून ठेवायचा असतो, तो अशाच कारणासाठी.

आता घरी करायचं काय, ते सांगतो.

अग्निवीरची भरती साडेसतरा वर्षांपासून होते. अठरा पूर्ण नसतील तर नावनोंदणीच्या कागदावर आईबापांची सही लागते. ती करण्याआधी मुलाचं लहानपणचं लसीकरणाचं कार्ड शोधा. बहुतेक घरांत ते पहिल्या-दुसऱ्या वर्षानंतर उघडलेलंच नसतं. सरकारी वेळापत्रकात धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी असते. दहाव्या वर्षीची शाळेत मिळून जाते, सोळाव्या वर्षीची दहावीच्या गडबडीत राहते. २०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम झाली, तेव्हा तुमचा मुलगा शाळेत होता का, त्याने घेतली की कुणाच्या सांगण्यावरून त्या दिवशी दांडी मारली, हे आठवून पाहा. ब गटाच्या काविळीची लस आज पेंटाव्हॅलंटमधून सगळ्या बाळांना मिळते. पण आज अठरा-एकोणीस वर्षांचा असलेला मुलगा जन्मला तेव्हा पेंटाव्हॅलंट सरकारी कार्यक्रमात आलीच नव्हती. कार्डावर नोंद नसेल तर डॉक्टरांना दाखवा. तीन डोस लागतात आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत सहा महिने जातात. गालगुंड आणि कांजिण्यांच्या लशी सरकारी यादीत नाहीत. खासगीत पैसे मोजावे लागतात, पण बराकीचं वर वाचलंत, तेव्हा परवडत असेल तर विचार करा. टीडी आणि गोवर-रुबेलासाठी आधी महापालिकेच्या दवाखान्यात विचारा.

दुसरं, आजार लपवू नका. वैद्यकीय चाचणीत अनफिट ठरेल या भीतीने दमा, फिट्स, आधीच्या एखाद्या इंजेक्शननंतर अंगावर उठलेल्या गांध्या, अंड्याची अ‍ॅलर्जी, सगळं दाबून टाकायचा सल्ला काही भरती अकादम्यांतले उस्ताद देतात. हा सल्ला घातक आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगो किंवा दक्षिण सुदानला जायची वेळ आली तर पीतज्वराची लस अनिवार्य असते, आणि अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्याला तीच लस जिवावर बेतू शकते. (ती प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड आता जन्मभर चालतं.) मुलगी अधिकारी झाली आणि पुढे गरोदर असेल तर कोणतीही लस घेण्याआधी तिने तसं डॉक्टरला सांगायलाच हवं. वैद्यकीय कारणाने लस न घेणं वेगळं आणि हट्टाने न घेणं वेगळं. पहिल्यासाठी डॉक्टरचा कागद लागतो आणि कारण खरं असेल तर तो मिळतो.

मुलाला हेही शिकवून पाठवा: टोचण्याआधी लसीचं नाव विचारायचं, तारीख आणि बॅच वहीत लिहून ठेवायची. दंड दुखणं, एक दिवस ताप येणं नेहमीचं. पण श्वास लागला, चेहरा सुजला, चक्कर आली तर तडक एमआय रूम, म्हणजे तिथली वैद्यकीय तपासणीची खोली, गाठायची. घरी फोन त्यानंतर.

आणि आता तुम्हा-आम्हाला, म्हणजे ज्यांना निवडीची मुभा आहे त्यांना. काकांनी, मामांनी, सोसायटीच्या ग्रुपवरच्या जाणत्यांनी प्रशिक्षण केंद्रात असलेल्या पोराला रात्री नऊ वाजता लसीविरुद्धचे व्हिडिओ पाठवू नयेत. तुम्ही पाठवून झोपता. तो दुसऱ्या दिवशी सकाळी फॉल-इन होऊन बाही वर करून रांगेत उभा असतो, मनात शंका आणि समोर सुभेदार. शंका खरीच असेल तर ती भरतीआधी घरात, जेवणाच्या ताटावर बोला.

सगळं समजून घेतल्यावरही मुलगा म्हणाला की माझ्या शरीरात काय जाईल ते मीच ठरवणार, तर त्याचा मान ठेवा आणि अर्ज भरू नका. त्यात नामुष्की काही नाही. पोटापाण्याचे दुसरे उद्योग पुष्कळ आहेत. पण भरती होऊन, शपथ घेऊन, प्रशिक्षणावर सरकारचा खर्च झाल्यावर पहिल्या सुईपाशी अडून बसणं मला पटत नाही.

भरतीच्या अर्जाची मुदत थोड्या दिवसांची असते आणि राहिलेले डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात. तेव्हा जाहिरात निघायची वाट पाहू नका. येत्या रविवारी कार्ड काढा, मुलाला शेजारी बसवून वाचा, आणि सोमवारी डॉक्टरांकडे जा.