दिवाळी आणि बोट

दिवाळीत घराला कुलूप? एखाद्या वर्षी लावावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि जायचं तर छोट्या बोटीवर. एरवी भाड्याच्या बंगल्यात उतरलं, तरी शेगडी दिसली की कुणीतरी म्हणतंच, ‘पोहे तुझ्याच हातचे हवेत गं!’ बोटीवर ही सोयच नाही. आगीच्या धोक्यामुळे खोलीत शेगडीच काय, पणतीसुद्धा लावता येत नाही. (पणतीचं मलाही वाईट वाटतं.)

२०१८ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ बोट सुरू झाली होती. संध्याकाळी निघायची, सकाळी गोव्यात. ती आता बंद आहे, पण तो एका रात्रीचा बेत मला फार पटला होता. वसुबारसेला निघावं, लक्ष्मीपूजनाला घरी! आता केरळात आलप्पुळाच्या हाऊसबोटी आहेत. स्वयंपाकी बोटीवरच असतो, रात्री बोट काठाला बांधतात.

खर्च होतोच. पण दिवाळीच्या यादीत भाजणीपासून पडद्यांपर्यंत सगळं असतं, घरच्या बाईची विश्रांती तेवढी नसते. सासूबाईंना आधी विचारून बघा. बहुतेक त्याच पहिल्यांदा पिशवी भरतील.