पंख आहेत म्हणून?

परवा घरात गप्पांच्या ओघात ग्रेट निकोबारच्या प्रकल्पाचा विषय निघाला. पुतण्या म्हणाला, "अहो काका, पक्ष्यांना पंख असतात. इथे बंदर झालं तर शेजारच्या बेटावर उडून जातील. त्यात एवढं काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून मी गप्प बसलो. इथे मात्र बोलतो.

आधी माझा दोष. "बेट म्हणजे चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग" ही व्याख्या मी वर्षानुवर्षे मुलांकडून घोकून घेतली. नकाशात अंदमान-निकोबारचे ठिपके राहिले की गुण कापले. पण ते पाणी तिथल्या जिवांसाठी काय असते, हे कधी सांगितले नाही. पुतण्याही माझ्याच वर्गातला!

आता पंखांचे बघू. अंदमानच्या पूर्वेला नारकोंडाम नावाचे जेमतेम सात चौरस किलोमीटरचे ज्वालामुखी बेट आहे. तिथला धनेश जगात दुसरीकडे कुठेही नाही. चांगले दणकट पंख आहेत त्याला. तरी शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या अंदमानात, एवढे घनदाट रान असूनही, एकही धनेश नांदत नाही. पंख असणे वेगळे आणि समुद्र ओलांडून संसार थाटणे वेगळे. मॅकआर्थर आणि विल्सन यांनी १९६७ साली हेच मांडले: बेट जितके लहान आणि दूर, तितक्या तिथे जाती कमी. नवे येणारे थोडे, आणि असलेले संपायला वेळ लागत नाही.

निकोबारचा मेगापोड तर कोंबडीएवढा, जमिनीवर वावरणारा पक्षी. तो अंडी उबवत नाही. किनाऱ्यालगतच्या रानात वाळू, माती आणि पालापाचोळ्याचा मोठा ढीग रचतो, त्यात अंडी पुरतो, आणि कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर पिल्ले निघतात. म्हणजे त्याला नुसते बेट पुरत नाही, बेटाची ती किनारपट्टीच लागते. २००४ च्या त्सुनामीने नेमकी तीच धुऊन नेली. पुढच्या पाहणीत त्याची संख्या सुमारे सत्तर टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

आणि आपण काय केले? जिथे तो ढीग रचतो त्या गॅलथिया उपसागराचे अभयारण्य २०२१ च्या जानेवारीत रद्द केले, कारण बंदर तिथेच हवे. नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरीही मिळाली. बदल्यात मेगापोडला मेंचाल बेटावर अभयारण्य दिले. क्षेत्रफळ सव्वा चौरस किलोमीटरच्या आसपास! तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून झाडे लावायची ठरली ती हरियाणात. हरियाणात समुद्र कुठला आणि मेगापोड कुठला? एकाचे घर पाडून दुसऱ्या गावात तिसऱ्यालाच खोली बांधून द्यावी, तसे हे झाले.

देशाला बंदर नको, सीमेवर पहारा नको, असे मी म्हणत नाही. पण "पक्षी जातील उडून" हे कारण देऊ नका. मुख्य भूमीवर रान तुटले तर पुढचे रान असण्याची थोडी तरी आशा असते. बेटावर पुढे समुद्रच असतो.

पुतण्या हा ब्लॉग वाचतो. बाबा रे, रागावू नकोस. तुला अर्धवट शिकवलेला धडा आज पुरा केला, एवढेच. पटत नसेल तर रविवारी ये, नकाशा घेऊन बसू. चहा मी करीन.